शेजारच्या दारातला डबा

घाटकोपर पूर्वेला जोशी लेन नावाची गल्ली आहे. मुंबईच्या कचऱ्याचा इतिहास कुणी लिहिला, तर तिचं नाव पहिल्या काही पानांत यायला हवं. १९९६ च्या सुमारास इथल्या रहिवाशांनी महापालिकेच्या एन वॉर्डाच्या साथीनं ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला सुरुवात केली. ओल्याचं खत करायचं, सुका वेचकांकडे जाऊ द्यायचा आणि गल्लीच्या कुंडीत टाकायला फारसं काही उरू द्यायचं नाही, एवढीच कल्पना होती. १९९७ मध्ये महापालिकेनं तोच नमुना उचलून ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ या नावानं शहरभर नेला. लोकांच्या तोंडी ती योजना इंग्रजी आद्याक्षरांनी, ‘एएलएम’ म्हणूनच राहिली. पुढे अशा शेकडो समित्या नोंदल्या गेल्या. घनकचऱ्याबद्दलचे देशव्यापी नियम आले ते २००० साली. म्हणजे नियम नव्हता तेव्हा एका गल्लीनं हे करून दाखवलं.

नियमाच्या आधी सवय कशी लागली असेल, हा प्रश्न मला माझ्या नोकरीमुळे पडला. सोसायट्यांना कचरा वेगळा करण्याची सवय लावणं हे माझं काम आहे. एका संस्थेतर्फे मी घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी अशी फिरत असते. कमिटीशी बोलायचं, सभा घ्यायची, डबे दाखवायचे, मग काही महिने सकाळी येत राहायचं, वजनं करायची, अडलेल्या घराशी बोलायचं. एवढं झालं की पुढची सोसायटी. बाहेरून हे काम शिकवण्याचं वाटतं. मला मात्र ते बहुतेक वेळ पाहण्याचं काम वाटत आलंय. माणसं माझं ऐकून बदलत नाहीत, शेजाऱ्याचं पाहून बदलतात. जुन्या घाटकोपरच्या गल्ल्यांत समोरच्या घरात आज कोणती भाजी आहे हे इकडच्या खिडकीतून कळतं. अशा ठिकाणी कोपऱ्यातल्या घरानं दोन डबे ठेवले, तर ते गल्लीभर आपोआप दिसतात. जोशी लेनच्या यशात तिथल्या माणसांच्या चिकाटीइतकाच या समोरासमोरपणाचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

म्हणून नव्या सोसायटीत गेले की मी आधी पॅसेज पाहते. सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान दारांबाहेर डबे आलेले असतात. चार दारांच्या एका मजल्यावर चारही घरांचे दोन-दोन डबे नीट मांडलेले आणि त्याच्या वरच्या मजल्यावर चारही दारांत काळ्या पिशव्या, हे चित्र मी पुष्कळदा पाहिलंय. कमिटीतले लोक लगेच कारण देतात. त्या मजल्यावर शिकलेली माणसं आहेत, या मजल्यावर भाडेकरू आहेत, तिकडे अमुक समाजाचे लोक जास्त आहेत. मला ते पटत नाही. मुलुंड काय, घाटकोपर काय, एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळी घरं शेजारी-शेजारी असतात. त्यांचे सण वेगळे, जेवण वेगळं, चपला काढायची जागासुद्धा वेगळी. तरी डब्याच्या बाबतीत मजला एकसारखा वागतो. जिथे चार दारं एकमेकांना दिसतात, तिथे चार घरांची एक रीत होते.

लिफ्ट आहे की नाही, यावरही बरंच काही ठरतं. लिफ्ट असलेल्या इमारतीत माणसाला आपला मजला आणि तळमजला एवढंच दिसतं, मधलं काही दिसत नाही. जिन्याच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचा माणूस खालच्या सगळ्या मजल्यांची दारं बघत उतरतो आणि तीच दारं बघत परत चढतो. तळमजल्यावरच्याला मात्र वरची दारं कधीच दिसत नाहीत. म्हणजे जिन्याच्या इमारतीत सवय खालून वर चढते, वरून खाली फारशी उतरत नाही. आमच्याकडे नव्यानं कामाला येणाऱ्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. लिफ्ट नसेल तर तळमजल्यापासून सुरुवात करा. लिफ्ट असेल तर प्रत्येक मजल्यावर एक घर शोधा.

ते घर कोणतं शोधायचं, हाही अभ्यासाचा भाग आहे. पर्यावरणाची आवड असलेलं कुटुंब प्रत्येक सोसायटीत असतं. गच्चीवर त्यांच्या कुंड्या असतात, ते आम्हाला चहा देतात, आमची बाजू सभेत मांडतात. पण त्यांच्या दारातल्या डब्याकडे शेजारी वेगळ्या नजरेनं बघतात. “त्यांना हौस आहे, वेळ आहे,” असं म्हणून विषय संपतो. मला हवं असतं ते घाईतलं घर, जिथे नवरा-बायको दोघंही आठच्या लोकलला पळतात, मुलाची शाळा सकाळची आहे, आजींचे गुडघे दुखतात. अशा घरानं दोन डबे ठेवले की शेजाऱ्यांकडे वेळ नसल्याची सबब उरत नाही. आणि त्या घराला विचारायला कुणाला संकोचही वाटत नाही.

विचारणं होतं ते दारात उभ्या-उभ्या. मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत मी वजनकाटा घेऊन पॅसेजमध्ये उभी होते. समोरच्या घरातली सून शेजारच्या काकूंना म्हणाली, “काकू, ओल्याच्या डब्याला पिशवी लावत नाही तुम्ही? मग चिकट नाही होत?”

काकू म्हणाल्या, “खाली पेपर घालते गं. दोन घड्या. ओलं आधी गाळून घ्यायचं चाळणीत, मग टाकायचं. डबा नुसता विसळला तरी होतो.”

सभेत मी हेच चित्रं लावून सांगितलं होतं. तेव्हा ही सून पहिल्या रांगेत बसली होती, मान डोलावत होती. तिच्या दारात दोन डबे आले ते काकूंशी झालेल्या या बोलण्यानंतर. सभेत कळलेली गोष्ट माणसाला पटते, पण ती आपल्या ओट्यापाशी नेमकी कशी बसवायची हे कळत नाही. डबा कुठे ठेवायचा, त्याला झाकण हवं का, चहाचा चोथा गाळून टाकायचा की तसाच, पाहुणे आले आणि डबा भरला तर काय करायचं. या बारीक गोष्टी जिच्या ओट्याची लांबी आपल्याएवढीच आहे, तिच्याकडूनच घेता येतात. एका सोसायटीतली घरं एकाच नकाशाची असतात, याचा या कामात फार उपयोग होतो. “सिंकखालच्या डाव्या कोपऱ्यात बसतो बघ,” असं सांगितलं की ऐकणारीच्या घरातही तोच डावा कोपरा असतो.

एवढं सगळं कळल्यावरही एक कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. काही सोसायट्यांत सवय अशा ठिकाणी उगवायची की जिथे ती पोहोचायला दिसण्याचा काही मार्गच नव्हता. मुलुंडच्याच एका सोसायटीत ए विंगच्या पाचव्या मजल्यावरचं एक घर आणि सी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरची दोन घरं पाठोपाठ बदलली. मधले मजले जसेच्या तसे. विंगचे दरवाजे वेगळे, लिफ्ट वेगळ्या, घरांची आपसात ओळख नाही. मी चौकशी केली तेव्हा कळलं की या तिन्ही घरी भांडी-लादीला एकच मावशी येतात.

मी त्यांना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, “ताई, पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी दोन डबे केले. मला तेच बरं पडायला लागलं. खरकटं आधीच वेगळं निघालं की सिंक तुंबत नाही, भांड्यांना वास मारत नाही, माझा हातही लवकर सुटतो. मग खालच्या घरी मीच म्हटलं, वहिनी, एक जुना डबा द्या मला.”

माझ्या कामाची दिशा या बोलण्यानं बदलली. कचरा वेगळा प्रत्यक्षात कोण करतं, हे सभेत कुणी विचारत नाही. सभेला घरमालक येतात. पण उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरांत भाजीची देठं काढणारे, ताटातलं खरकटं निपटणारे, डबा दाराबाहेर ठेवणारे हात बहुतेक वेळा कामाला येणाऱ्या बाईंचे असतात. आणि इमारतीतली सर्वांत जास्त स्वयंपाकघरं पाहणारी व्यक्तीही तीच. घरमालकीण शेजारणीच्या ओट्यापर्यंत वर्षातून किती वेळा जाते? हळदीकुंकवाला, नाहीतर कुणाचं आजारपण असलं तर. मावशी मात्र रोज चार-पाच ओट्यांपाशी उभ्या राहतात, आणि नुसत्या पाहत नाहीत, तिथे काम करतात. कोथिंबीर कागदात गुंडाळून डब्यात ठेवायची रीत, गॅस बंद करताना खालचा खटका बंद करायची शिस्त, तमिळ घरातलं डोशाचं पीठ आणि गुजराती घरातली थेपल्यांची कणीक, हे एका घरातून दुसऱ्या घरात त्यांच्याच हातानं जात असतं. उपनगरातल्या बिगरमराठी घरांत थालीपीठ शिरलं असेल, तर त्याचं श्रेय बऱ्याचदा या बायकांचं आहे.

तेव्हापासून मी नव्या सोसायटीत एक नकाशा काढते. कोणत्या मावशी कोणत्या घरी जातात, एवढंच त्यात असतं. कागदावर विंगा एकमेकींपासून तुटलेल्या दिसतात, पण मावशींच्या रेघा ओढल्या की सगळी सोसायटी विणल्यासारखी होते. काही रेघा रस्ता ओलांडून पलीकडच्या सोसायटीत जातात. आम्ही पायही ठेवला नव्हता अशा इमारतींत दोन डबे दिसायचे, त्याचा उलगडा या नकाशानं झाला.

मग मी त्यांच्या वेळेला त्यांची सभा घेऊ लागले. दुपारची कामं उरकून संध्याकाळची सुरू होण्याआधी, अडीच-तीनच्या सुमारास, त्या कुठे ना कुठे टेकलेल्या असतात. जिन्याखाली, पंपाच्या खोलीपाशी, गेटजवळच्या कट्ट्यावर. कुणी भांडुपहून येतात, कुणी कळव्याहून, कुणी दिव्याहून गाडी पकडून. डबा उघडलेला असतो, मुलांच्या शाळेचं चाललेलं असतं. तिथे मला चित्रं लावावी लागली नाहीत. त्याच एकमेकींना सांगायच्या. आणि त्यांनी विचारलेले प्रश्न घरमालकांच्या प्रश्नांपेक्षा जास्त नेमके होते. फुटलेली काच कशात द्यायची? दाढीचं ब्लेड कुठे टाकायचं? सॅनिटरी पॅड उघडा टाकतात, त्याचं काय? २०१६ च्या नियमांत पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यावेत, असं लिहिलेलं होतं. कमिट्यांच्या सभेत हा मुद्दा आला की माणसं खाली बघतात. या बायकांनी तो लावून धरला, कारण पिशवीत हात त्यांचा जातो, आणि त्यांच्यानंतर सफाई कामगाराचा जातो. घाटकोपरच्या एका इमारतीत पॅड जुन्या पेपरात गुंडाळून त्यावर लाल खूण करायची पद्धत घराघरांत गेली ती पूर्णपणे त्यांच्या बोलण्यामुळे. कोणत्याही फलकानं हे साधलं नसतं.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो मला आजही प्रत्येक कमिटीपुढे ठेवावा लागतो. काम वाढलं, पगार वाढला का? काही घरांनी थोडे पैसे वाढवले, काहींनी हात वर केले. माझं मत पक्कं आहे. सवय एका घरातून दुसऱ्या घरात नेणारीला तिच्या कष्टाचं मोल मिळालं पाहिजे. शहर स्वच्छ ठेवण्याचा भार सर्वांत कमी कमावणाऱ्या हातांवर फुकट टाकायचा, हे योग्य नाही.

आमच्या आधीच्या पिढीला हे चांगलं ठाऊक होतं. स्त्री मुक्ती संघटनेनं १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ सुरू केलं, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायकांनाच प्रशिक्षण दिलं, ओळखपत्रं दिली, त्यांच्या संस्था बांधल्या आणि सोसायट्यांच्या आवारात सन्मानानं उभं केलं. रहिवाशांच्या डोळ्यांसमोर त्या बायका सुका कचरा निवडायच्या, खताचा खड्डा सांभाळायच्या. गॅलरीतून ते रोज पाहणारं माणूस वरून काहीही फेकायला कचरतं. आपल्या पिशवीत पुढे कोणाचा हात जातो हे दिसत असलं, की माणूस वेगळं वागतो.

आता दुसरी बाजू. जी वाट चांगल्या सवयीची, तीच वाईट सवयीचीही असते, आणि तिकडे वेग जास्त असतो. अंधेरीच्या एका सोसायटीत घराघरांतून ओला-सुका वेगळा येत होता, पण सफाई करणाऱ्या दादांना सोसायटीनं चाकांचा एकच ड्रम दिला होता. चार विंगा, सहा मजले, एकटा माणूस. तो तरी काय करणार? दोन्ही डबे त्याच ड्रममध्ये. एका सकाळी कुणीतरी गॅलरीतून ते पाहिलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत ती बातमी सगळ्या विंगांत गेली. “शेवटी सगळं एकत्रच होतं ना?” हे वाक्य पुढचे काही दिवस ज्या-त्या दारात ऐकू आलं आणि मजले एकामागून एक गळाले. दुसरा ड्रम आणला, त्याला निळा रंग दिला, दादांनी दोन्ही ड्रम सगळ्यांना दिसतील असे आवारात मध्यभागी उभे केले. तरीही मोडलेली घडी बसायला, ती पहिल्यांदा बसवताना लागला होता त्याच्या कितीतरी पट वेळ लागला.

भीतीनंही फार काळ काम होत नाही. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारी ती जागा. धूर इतका पसरला की आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या आठवड्यात आमचा फोन सारखा वाजत होता. चेंबूर, गोवंडीकडची माणसं तर कळवळून बोलत होती, आणि घाटकोपरकरांनाही खोकला लागला होता. पण धूर विरला तसे फोन विरले. मुलुंडचं डम्पिंग १९६७ पासूनचं. हरिओम नगरच्या बाजूला राहणाऱ्यांनी कित्येक वर्षं त्याचा वास सोसला, २०१८ मध्ये ते बंद झालं, आता बराचसा भार कांजूरमार्गवर आहे. वास येणाऱ्या वस्तीतसुद्धा कचरा वेगळा करण्याचं प्रमाण आपोआप जास्त असतं, असं मला आढळलं नाही. वास सगळ्यांना येतो, पण त्यावर शेजारी काय करतोय हे दिसत नाही. मग प्रत्येक जण खिडकी लावून घेतो.

फलकांविषयी मला सविस्तर सांगायचंय, कारण कमिट्यांचा सगळा जीव फलकात असतो. “वारंवार सूचना देऊनही बहुसंख्य सभासद कचरा वेगळा करत नाहीत, ही खेदाची बाब आहे.” ही सूचना जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या काचेच्या कपाटात मी वाचलीय. लिहिणाऱ्या सेक्रेटरींचा हेतू चांगलाच असतो. वाचणाऱ्याच्या मनात मात्र एकच शब्द राहतो, ‘बहुसंख्य’. आपण एकटे नाही, असा दिलासा घेऊन तो लिफ्टमध्ये शिरतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. लोक तिथून लाकडाचे तुकडे उचलून नेत. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे,’ अशा अर्थाची पाटी होती तिथे जवळपास आठ टक्के तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका,’ एवढंच साधं सांगितलं तिथे दोन टक्क्यांहून कमी. मी हा प्रयोग वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती काचेची कपाटं आली. तेव्हापासून मी कमिट्यांना विनंती करते की जे करतायत त्यांच्याबद्दल लिहा. ‘बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरची चारही घरं कचरा वेगळा देतात,’ एवढं पुरतं.

तक्ता लावतानाही एक खबरदारी घ्यावी लागते. बोरिवलीत आम्ही विंगवार वजनांचा तक्ता लावला. मागे असलेली विंग पुढे आली, पण पहिली असलेली विंग हळूहळू सैल पडली. आपण बरेच पुढे आहोत, थोडं चालेल, असं तिथे झालं असावं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावी वीजवापरावर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. शेजाऱ्यांची सरासरी कळवल्यावर जास्त वीज जाळणारी घरं खाली आली आणि कमी जाळणारी वर गेली. कमी जाळणाऱ्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढल्यावर मात्र ती होती तिथेच राहिली. आम्ही तक्त्यावर पहिल्या विंगसमोर ‘धन्यवाद’ लिहायला लागलो. चेहरा काढण्यापेक्षा ते आमच्या सोसायट्यांना जास्त शोभतं.

सवय कशी लागते याचं कचऱ्याबाहेरचं एक उदाहरण घाटकोपर स्टेशनवर रोज संध्याकाळी पाहायला मिळतं. मेट्रोच्या फलाटावर दारं जिथे येणार तिथे बाण काढलेले आहेत. माणसं त्या बाणांच्या बाजूला रांगेत उभी राहतात, उतरणाऱ्यांना आधी उतरू देतात. तीच माणसं अंधेरीहून मेट्रोनं घाटकोपरला येतात, जिना उतरून मध्य रेल्वेच्या फलाटावर जातात आणि लोकल पूर्ण थांबण्याआधीच आत उडी घेतात. थोड्याच वेळापूर्वी रांगेत उभा असलेला माणूस इथे कोपर वापरतो. गर्दीचा आणि गाड्यांच्या अंतराचा फरक आहेच, पण त्यानं सगळा उलगडा होत नाही. संध्याकाळी मेट्रोलाही गर्दी मरणाची असते. फरक असा की वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली तेव्हा तिथे आधीची कोणतीच रीत नव्हती. पहिल्या दिवसांत बाण होते, सांगणारे कर्मचारी होते, आणि नव्या माणसाला पुढची रांग दिसत होती. ठाण्याची आगगाडी १८५३ पासून धावतेय. तिच्या फलाटावर नवा माणूस पाऊल ठेवतो तेव्हा त्याच्या पुढे पिढ्यांनी पाडलेली रीत असते आणि ती न घेतली तर तो फलाटावरच राहतो. सवय माणसात असते त्याहून जास्त जागेत असते, असं मला या स्टेशनानं शिकवलं. आणि जागा नवी असते तेव्हाचे थोडे दिवस फार मोलाचे असतात.

हे थोडे दिवस आता उपनगरांत जागोजागी येतायत, कारण पुनर्विकास. घाटकोपरच्या, मुलुंडच्या, बोरिवलीच्या तीन-चार मजली इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. भाड्याच्या घरांत विखुरलेले शेजारी ताबा मिळाल्यावर परत येतात, त्यांच्यासोबत तितकेच नवे लोक येतात. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं महापालिकेनं २ ऑक्टोबर २०१७ पासून बजावलंय, म्हणून खताचं यंत्र बसवलेलं असतं. पण टॉवरमध्ये पॅसेज नाही. घरासमोर छोटी लॉबी, कचरा मागच्या बाजूला सर्व्हिस लिफ्टपाशी ठेवायचा, तिथून कर्मचारी घेऊन जातो. शेजारच्या घरात किती डबे आहेत हे कधी दिसतच नाही. काकूंना पेपरच्या घडीबद्दल विचारायला ती सून भेटणार कुठे? जुन्या सोसायटीत उत्तम कचरा वेगळा करणारी घरं टॉवरमध्ये आल्यावर सैल झालेली मी पाहिली आहेत. माणसं तीच, फक्त एकमेकांच्या नजरेआड गेलेली.

त्या सर्व्हिस लिफ्टमध्ये मात्र मावशी असतात. त्यांना त्याच लिफ्टनं ये-जा करायला लावतात. हा नियम मला मुळीच पटत नाही आणि मी तसं कमिट्यांना सांगते. माणसाला माणसाच्या लिफ्टमध्ये जागा असली पाहिजे. पण आज तरी सगळ्या मजल्यांचे डबे एका वेळी पाहणारं टॉवरमध्ये त्यांच्याखेरीज कुणी नाही. सध्या घाटकोपर पूर्वेच्या एका नव्या टॉवरमध्ये ताबा देणं चालू आहे. तिथल्या सेक्रेटरींकडे मी मालकांच्या सभेआधी मावशींची सभा मागितली. हॉल द्या, खुर्च्या द्या, पंखा लावा, दुपारी अडीचची वेळ ठेवा, असं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, घरं अजून पुरती भरली नाहीत, मावशी तरी कुठून येणार? मी म्हटलं, आलेल्या घरांच्या मावशीच पुढच्या घरांना मावशी मिळवून देतात, तेव्हा आत्ताच बोलावू. हॉल मिळाला. पहिल्या सभेत त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. प्रत्येक मजल्याच्या सर्व्हिस भागात दोन्ही डब्यांची जागा रंगानं आखून द्या, तिथे नळ आणि दिवा द्या, आणि डबे धुण्याचं काम कुणाचं हे पगार ठरवतानाच घरमालकांना सांगा. पहिल्या दोन मागण्या कमिटीनं मान्य केल्यात, रंग लावून झालाय. तिसरी येत्या रविवारी मालकांच्या सभेपुढे आहे. तिथे बोलायला त्यांच्यातल्या दोघी येणार आहेत.